शॉकअपचं सील: बदलायचं कधी आणि नुसतं पुसायचं कधी

"सील गेलंय डॉक्टर, बदलूया." पुढच्या शॉकअपमधलं तेल अडवणाऱ्या रबरी सीलबद्दल हे वाक्य मी मिस्त्रीकडून एका वर्षात तीनदा ऐकलं. तीनदा मान डोलावली आणि तीनदा पैसे दिले. गाडी तीच, २००६ ची पल्सर १५०. बाजूही तीच, डिस्ककडची. चौथ्यांदा तेल दिसलं तेव्हा गॅरेजला न जाता पडवीत गाडी मेन स्टँडवर घेतली, समोर पाट टाकून बसलो आणि पुढच्या पाइपवरून वरून खाली नख फिरवत आलो. डस्ट सीलच्या, म्हणजे पाइपभोवती बाहेरून दिसणाऱ्या रबरी कड्याच्या, वर चार बोटांवर नख अडकलं. मोहरीच्या निम्म्याएवढा खड्डा, आणि त्याची एक कड कपचीसारखी वर आलेली. तिन्ही सीलं त्या कडेनं कापली होती. पाइपकडे कुणी बघितलंच नव्हतं, आणि त्या 'कुणी'त मीही आलोच.

डॉक्टर गावात म्हणतात, मी पशुधन पर्यवेक्षक. लंगडणारा बैल समोर आला तर आधी खूर उचलून बघायचा, काटा आहे का, खडा आहे का, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र काटा खुरात आणि मलम गुडघ्याला, असं वर्षभर चाललं. आजरा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर माझे रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर होतात. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ, पावसात तोच चिखल, आणि साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे. शॉकअपच्या सीलला याहून वाईट सासर मिळणं अवघड. त्यामुळे त्या चौथ्या वेळेनंतर जे शिकत गेलो, ते जुनी गाडी सांभाळणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

आत काय असतं ते थोडक्यात. हँडलच्या टीमधून, म्हणजे दोन्ही पाइप पकडून ठेवणाऱ्या जोडातून, खाली येणारा चकचकीत क्रोमचा पाइप, आणि तो ज्यात वरखाली होतो तो ॲल्युमिनियमचा बॉटम. बॉटममध्ये तेल. बॉटमच्या तोंडाशी रबरी ऑइल सील, त्याच्यावर तारेचा लॉक, आणि सगळ्यात वर दिसतो तो डस्ट सील. ऑइल सीलच्या आतल्या ओठामागे केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग असते, ती ओठ पाइपला चिकटवून धरते. हा ओठ कोरडा चालत नाही. पाइपवर तेलाचा अगदी पातळ थर राहतो आणि त्यावरून तो सरकतो. म्हणून पाइप बोटाला किंचित तेलकट लागला की सील गेलं असं होत नाही. उलट पाइप चुन्यासारखा कोरडा ठणठणीत असेल आणि ब्रेक मारला की गाडीचं नाक थेट रस्त्याला टेकायला जात असेल, तर मला जास्त काळजी वाटते. गळायला आत तेल उरलंय का हाच प्रश्न असतो.

आधी तेल कुठलं ते ओळखा

बॉटम ओला दिसला म्हणजे सीलच गळतंय असं नाही. यात फसलेले लोक मी पाहिलेत. गावाकडच्या बऱ्याच सर्व्हिसिंगवाल्यांना गाडी धुतल्यावर डिझेल मारायची सवय असते. दोन दिवस ते डिझेल कानाकोपऱ्यातून ओघळत राहतं, त्यावर धूळ बसते आणि काळा ओघळ तयार होतो. माझ्या मेहुण्यानं अशा ओघळावर स्प्लेंडरची दोन्ही सीलं बदलून घेतली. जुनी सीलं हातात घेऊन बघितली तर ओठ मऊ आणि धार शाबूत होती.

डिस्कची गाडी असेल तर ब्रेकच्या पाइपातून किंवा कॅलिपरमधून (डिस्कवर पॅड दाबतो तो भाग) ब्रेक ऑइल पाझरू शकतं. खात्री करायची सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी घ्या आणि ओघळलेला थेंब काडीनं त्यात सोडा. डॉट ३ किंवा डॉट ४ चं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, शॉकअपचं तेल वर तरंगतं, रंगीत कडं पसरतं. ब्रेक ऑइल निघालं तर सील-बिल विसरा आणि आधी ब्रेक बघा. हे तेल रंगही खातं, त्यामुळे बॉटमवरचा रंग फुगलेला दिसला तरी तोच संशय घ्या.

तिसरी जागा बॉटमच्या अगदी बुडाशी. चाकाच्या ॲक्सलजवळ खालून एक ॲलन बोल्ट असतो, आतली दांडी तो धरून ठेवतो. त्याच्याखाली तांब्याचा वायसर असतो. तो दबला किंवा कुणी जुनाच परत टाकला तर तेल तिथून थेंब-थेंब येतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर थेंब टायरच्या कडेला पडतो आणि बघणारा म्हणतो सील गेलं. ओघळ वरून खाली आलाय की खालीच सुरू झालाय, एवढं बघितलं की हा घोटाळा होत नाही. काही गाड्यांना बॉटमच्या बाजूला तेल काढायचा छोटा बोल्ट असतो, त्याचंही हेच.

पुसा, चालवा, बघा

तेल वरूनच येतंय अशी खात्री झाली की पाइप आणि बॉटम सुती फडक्यानं पुसून अगदी कोरडे करा. मग गाडीवर बसून पुढचा ब्रेक दाबून दहा-पंधरा वेळा जोर देऊन पुढचा भाग खाली-वर करा आणि उतरून बघा. त्यानंतर एक दिवस रोजच्या रस्त्यावर चालवा आणि संध्याकाळी परत बघा. सकाळची गडबड नको, संध्याकाळीच. पाइपवर उजेड तिरपा पडला की थर नीट दिसतो. मी मोबाइलची बॅटरी खालून धरतो.

पाइपवर नुसती धुळीची पुसट रेघ दिसली, तर काही करू नका. ओलं कडं दिसलं, त्यावर लाल धूळ चिकटून गेरूसारखी झालेली, पण बॉटम कोरडा, तर सील पाझरतंय. ते वाचायची शक्यता भरपूर. तेल बॉटमवरून खाली ओघळत आलंय, तर गळतंय. गळणारं सीलही कधीकधी वाचतं, पण तेल कुठवर पोचलंय हे बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. त्यावर पुढं येतोच, कारण तिथं मी जिवावरचं शिकलोय.

पाझरणाऱ्या सीलमध्ये निम्म्या वेळा नुसती घाण अडकलेली असते. वाळूचा एक कण ओठाखाली गेला की ओठ तेवढा उचलला जातो आणि तेवढ्या फटीतून तेल येतं. तो कण काढला की गळती थांबते. याचं परदेशी हत्यार मिळतं म्हणे, पण आमच्या घरी आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता. त्या फिल्मची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी कापायची. एका टोकाला कडेला छोटी खाच पाडायची, गळासारखी. खाचेची टोकं बारीक पॉलिश पेपरवर घासून बोथट करा, नाहीतर तीच ओठ फाडतील. पत्र्याची पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर तिथं अजिबात घालू नका.

डस्ट सील चपट्या स्क्रूड्रायव्हरनं हळूच उचकटून पाइपवरून वर सरकवा. बॉटमच्या तोंडात साठलेली माती आधी ब्रशनं आणि फडक्यानं काढा. ती आत ढकलली तर केलेलं सगळं वाया. लॉकला हात लावू नका, तो गंजलेला आहे का तेवढं बघून ठेवा. आता फिल्मची खाच पाइपला लावून सीलच्या ओठाच्या खाली उतरवा आणि पाइपभोवती एक पूर्ण फेरी मारा, खाच वर ओढत-ओढत. पट्टी बाहेर काढून पुसा. पहिल्यांदा केलं तेव्हा पट्टीवर काळसर लाल रेती आली, बोटात चोळली तर कचकच लागली. परत फेरी. पट्टी स्वच्छ येईपर्यंत. मग दहा वेळा शॉकअप दाबायचे, आलेलं तेल पुसायचं, परत दाबायचे. दुसऱ्या दिवशी कडं आलं नाही तर डस्ट सील साफ करून जागेवर बसवा आणि विसरून जा. बायकोच्या भावाची गाडी अशी दीड वर्ष चालली. तोच मेहुणा, पण त्याआधी त्यानं नव्या सीलांचे पैसे घालवले होतेच.

दोनदा नीट साफ करूनही तेल येत राहिलं, तर सीलचा निकाल लागला. तिसऱ्यांदा फिल्म घालू नका, वेळ जातो.

डस्ट सीलबद्दल एक सांगतो. त्याला भेगा पडल्या असतील, तो पाइपभोवती सैल फिरत असेल, तर एवढाच बदला. स्वस्त असतो, पाइप काढला की पाच मिनिटांचं काम. धूळ आत जाऊ न देणं एवढंच त्याचं काम, आणि आमच्याकडे तेच मोठं काम आहे. लोक ऑइल सील नवं टाकतात आणि फाटका डस्ट सील परत वर बसवतात, ही कसली काटकसर कळत नाही.

नख फिरवल्याशिवाय सील विकत घेऊ नका

पाइप डस्ट सीलपासून टीपर्यंत पुसून घ्या. आधी नजरेनं बघा, मग नखानं, सगळ्या बाजूंनी. पुढची बाजू जास्त वेळ बघा, खडे आणि किडे तिथंच आपटतात. नख अडकलं की तिथं खडूनं खूण करा. नखाला न लागणारे काळे ठिपके त्रास देत नाहीत. नखाला लागणारा खड्डा देतो, आणि खड्ड्यापेक्षा त्याची वर आलेली कड जास्त देते.

आता तो खड्डा सीलच्या वाटेत येतो का ते बघायचं. पाइपला डस्ट सीलला लागून प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधा, टोक कापून टाका, आणि चार खड्डे, दोन स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्यावरून जाऊन या. टाय वर सरकून जिथं थांबेल तिथपर्यंत सील जातं. त्याच्या वरचा गंज दिसायला वाईट, पण सीलचं काही बिघडवत नाही. तिथं वॉटर पेपर मारून तेलाचा हात फिरवला की पुरे. त्याच्या खालचा एकच खड्डा तुमची सीलं खात राहील, कितीही भारी कंपनीची टाका.

एक-दोन बारीक खड्डे असतील तर घरी जमतं. हजार नंबरचा वॉटर पेपर तेलात बुडवून फक्त त्या कडेवर हलकेच फिरवा, नख सरकून जाईपर्यंत. पेपर पाइपला वेढा घातल्यासारखा, थोडा तिरपा फिरवायचा. उभा नाही. उभ्या रेघा म्हणजे तेलाला वर यायला आयते पाट काढून दिल्यासारखं. खड्डा खोल असेल तर थिनरनं स्वच्छ करून त्यात दोन ट्यूबांचा इपॉक्सी चिकटा काडीनं भरा, एक दिवस वाळू द्या, आणि दोन हजार नंबरच्या पेपरनं पाइपच्या पातळीला आणा. शेजारचं क्रोम घासलं जाणार नाही एवढा संयम लागतो. माझ्या पाइपवरचा तो अर्ध्या मोहरीएवढा ठिपका असाच भरला, वर चौथं सील टाकलं, आणि त्यानंतर दोन पावसाळे गेलेत.

क्रोमचे पोपडे निघत असतील, हाताएवढ्या पट्ट्यात गंज चढला असेल, तर चिकट्याचं काम नाही. पाइप बदला किंवा हार्ड क्रोम करून घ्या. अशा पाइपवर नवं सील घालणं म्हणजे खवणीवर फडकं घासणं. जुन्या गाड्यांचे पाइप मिळत नाहीत असं दुकानदार पटकन म्हणतो. दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि भंगारातला घेणार असाल तर तिथंच उभं राहून नख फिरवा.

पडलेली किंवा मोठ्या खड्ड्यात आदळलेली गाडी असेल तर पाइप वाकलेला आहे का हेही बघावं लागतं. वाकडा पाइप सीलला एका बाजूनं दाबतो, दुसऱ्या बाजूला फट सोडतो. गाडीवर असताना हे डोळ्यांना कळत नाही. पाइप काढून काचेवर लोळवला की कळतं, खाली उजेडाची फट उघडमीट करते. थोडा वाक लेथवाले सरळ करून देतात. क्रोमला चिरा दिसल्या किंवा पाइपला चुणी पडली असेल तर तो फेकायचाच. कधीकधी वाकलेलं काहीच नसतं. पडल्यामुळे दोन्ही पाइप टीमध्ये नुसते पिळलेले असतात. तेव्हा टीचे आणि ॲक्सलचे बोल्ट सैल करून शॉकअप चारदा दाबले की ते आपोआप सुटतात.

झिजेचंही बघून घ्या. इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा, दोन्ही बॉटम धरून पुढं-मागं हलवा. खटखट लागली तर दुसऱ्या माणसाला बॉटम आणि पाइपच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. तिथं हललं तर शॉकअप झिजलाय. वर टीशी हललं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे, ते वेगळं आणि स्वस्त काम. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉटममध्ये वेगळा बुश नसतो, ॲल्युमिनियमच झिजतं; मग पाइप आत डुलत राहतो आणि सीलचा ओठ त्याच्या मागं-मागं धावून थकतो. अशा बॉटमवर नवं सील दोन-तीन महिने काढेल. हे आधी कळलेलं बरं, म्हणजे मिस्त्रीशी भांडण होत नाही.

दुरुस्ती कधी लांबवायची नाही

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला बहिणीकडे निघालो होतो. जून संपत आलेला. डिस्ककडचं सील गळतंय हे मला आठ दिवस माहीत होतं. आल्यावर बघू म्हणून निघालो. धबधब्याजवळ नेहमीची गर्दी, गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या. ब्रेक दाबला, लिव्हर नेहमीसारखा घट्ट, आणि गाडी तशीच पुढं. घट्ट लिव्हर आणि न थांबणारी गाडी, हा अनुभव ज्याला आलाय त्यालाच कळेल. मागचा ब्रेक आणि तिसऱ्यावरून दुसरा गिअर असं करत एका छत्रीवाल्यापासून हातभर अंतरावर थांबलो. त्यानं शिवी दिली, ती योग्यच होती. उरलेला घाट दाणोलीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. नंतर पॅड काढले तर आरशासारखे काळे चकाकत होते. तेल बॉटमवरून ओघळून कॅलिपरवर, तिथून पॅडवर.

म्हणून नियम करून ठेवलाय: तेल कॅलिपरच्या उंचीपर्यंत आलं की गाडी उभी. त्या दिवशी, त्या जागी. बाजार असो, लग्न असो. तेल प्यालेले पॅड जाळून किंवा घासून परत वापरतात लोक, मी वापरत नाही. ते आतून तेल पितात, गरम झाले की परत सोडतात. नवे घ्यायचे, आणि डिस्क ब्रेक क्लीनरनं दोन वेगवेगळ्या स्वच्छ फडक्यांनी पुसायची. ड्रम ब्रेकच्या गाडीला थोडी सवलत मिळते, कारण ओघळ आधी ब्रेकच्या झाकणावर बाहेरून येतो. तरी झाकणाच्या कडेला तेल साठलेलं दिसलं तर ड्रम उघडून लायनर बघाच.

बाकी सगळ्याला वेळ असतो, आणि तो वेळ हुशारीनं घ्यावा. किलोमीटर मोजून सील बदलू नका. गुळगुळीत रस्त्यावर आणि रोज पुसलेल्या पाइपवर सील वर्षानुवर्षं टिकतं, आमच्या रस्त्यावर एका पावसाळ्यात जातं. न चालवता ठेवलेल्या गाडीचंही जातं: रबर कडक होतं, डस्ट सीलखाली ओल राहून पाइपला गंजाचं कडं पडतं, आणि हौसेनं गाडी बाहेर काढली की पहिल्याच आठवड्यात तेल. आजोबांची गाडी दुरुस्त करायला घेतलेल्यांनी हे धरूनच चालावं.

कोरडं, गपगुमान काम करणारं सील मी स्वतःहून काढत नाही. तेल मात्र बदलतो. दुसऱ्या कशासाठी शॉकअप उघडलाच, तर सील नवंच टाकायचं, जुनं कितीही चांगलं दिसो. काढताना त्याचा आकार बिघडतोच. एक बाजू गळत असेल तर मी दोन्ही करतो. दोघांचं वय सारखं, चाक तसंही काढलेलं, आणि एका बाजूला नवं तेल, दुसऱ्या बाजूला काळं पाणी अशी गाडी वळणावर विचित्र वागते. आणि काम मे महिन्यात उरकायचं. पाऊस सुरू झाला की गॅरेजवाल्याला डोकं वर काढायला वेळ नसतो, आणि घाईत बसवलेलं सील तिरकं बसतं.

काम करायला घेतलंच तर

सगळी पायरी-पायरी सांगत नाही, चुकतात त्या जागा सांगतो. सीलवर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, मिलिमीटरमध्ये. जुनं सील खिशात घेऊन दुकानात जा आणि तिन्ही आकडे जुळवून घ्या. "चालतंय हेच" म्हणून दिलेलं सील जाडीत अर्ध्या मिलिमीटरनं जास्त निघालं तर लॉक खाचेत बसत नाही.

कॅलिपर सोडला की नुसत्या ब्रेकच्या पाइपावर लोंबकळू देऊ नका, सुतळीनं बांधून ठेवा. पाइपच्या डोक्यावरचा मोठा बोल्ट पाइप टीमध्ये असतानाच थोडा सैल करायचा. वरचा क्लॅम्प सोडून, खालचा घट्ट ठेवून. शेवटचे आटे सुटताना तोंड बाजूला, आत स्प्रिंग दाबलेली असते. बुडाचा ॲलन बोल्ट कधीकधी आतल्या दांडीसकट फिरत राहतो. म्हणून तो स्प्रिंग आत असतानाच, शॉकअप दाबून धरून सोडायचा. तरी फिरला तर इम्पॅक्ट गनवाल्याकडे न्या. बोल्टाचं डोकं गोल केलंत की दिवस गेला.

जुनं सील उचकटताना टायर काढायच्या पट्टीखाली चामड्याचा तुकडा ठेवा. बॉटमच्या तोंडाला आतून ओरखडा पडला तर तेल सीलच्या बाहेरून यायला लागतं, आणि मग शोधत बसा. नव्या सीलला स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे, आकडे वर. पाइपवरून सील घालायचं असेल तर पाइपच्या टोकावर दुधाची रिकामी पिशवी ओढा, तिला तेल लावा, त्यावरून सरकवा, म्हणजे कडेनं ओठ कापत नाही. ठोकण्यासाठी सीलच्या बाहेरच्या कडेवरच बसेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. मध्ये जुनं सील ठेवलं तर आणखी चांगलं. लॉकची खाच चारी बाजूंनी पूर्ण उघडी दिसेपर्यंत ठोका. एका बाजूला दिसते आणि दुसऱ्या बाजूला नाही म्हणजे सील तिरकं आहे.

तेल मोजून. माझ्याकडे जनावरांसाठीची पन्नास मिलीची सिरिंज असते, त्यातली एक जुनी यासाठी वेगळी काढून तिला लाल रंगाची पट्टी मारली आहे. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात एका बाजूला किती मिली ते लिहिलेलं असतं. नुसतं तेल बदलताना आणि पूर्ण उघडून कोरडं केल्यावर हा आकडा वेगळा असतो, कारण आधीच्या वेळी थोडं तेल आतच चिकटून राहतं. अंदाजानं ओतू नका. कमी पडलं तर गाडी बसते. जास्त झालं तर वर हवेला जागा उरत नाही. खड्ड्यात दाब वाढतो आणि तो दाब जातो तो नव्या सीलवरच. इंजिनचं उरलेलं तेल टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण ते जाड पडतं. आमच्या खडबडीत रस्त्यावर मनगटं सांगतात फरक. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं तेल आणा.

तांब्याचा वायसर नवा. डोक्याच्या बोल्टाची ओ-रिंग बघून, चपटी झाली असेल तर तीही. पुढचं चाक बसवल्यावर ॲक्सल पूर्ण आवळायच्या आधी गाडी चारदा दाबा, मग आवळा.

एवढं केल्यावर रोज संध्याकाळी गाडी लावताना पाइपवरून कोरडं फडकं फिरवा. चिखल रात्रभर वाळला की सकाळच्या पहिल्या खड्ड्याला तो पॉलिश पेपर होतो. धुताना प्रेशरची नळी डस्ट सीलवर रोखून मारू देऊ नका. माझं फडकं सीटखाली असतं, मिस्त्री त्याला हसतो.

नव्या सीलवर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाइप बघा. एक पुसट ओलं कडं दिसेल; घाबरू नका, ते बसवताना लावलेलं तेल असतं. पुसून टाका. आणखी शंभर किलोमीटरनंतर परत आलं, तर सील तिरकं बसलंय किंवा पाइपवरचा एखादा खड्डा नखातून निसटलाय. परत पाट टाकून बसा.